धागा: सात जिवाणूंचा समूह मक्याच्या मुळावर बसवताना (सिंकॉमची बांधणी, मोजणी आणि नेमकं कुठे बिघडतं)

पेट्रीबशी

सिंथेटिक कम्युनिटी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बोलीत 'सिंकॉम', यावर मराठीत सलग लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा. प्रत्येक सदस्य ओळखीचा, प्रत्येकाचा वेगळा स्टॉक हाताशी, आणि कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं हे आपल्या हातात, असा समूह म्हणजे सिंकॉम.

सुरुवात मक्यापासून करू, कारण शिकायला त्याच्याइतकं सोपं उदाहरण नाही. हार्वर्डमधल्या रॉबर्टो कोल्टर यांच्या गटाने २०१७ मध्ये मक्याच्या मुळावरचे सातच जिवाणू निवडले: एन्टेरोबॅक्टर क्लोएसी, स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया, ऑक्रोबॅक्ट्रम पिट्युइटोसम, हर्बास्पिरिलम फ्रिसिंजेन्स, स्यूडोमोनास प्युटिडा, कर्टोबॅक्टेरियम प्युसिलम आणि क्रायसियोबॅक्टेरियम इंडोलोजेनीस. निर्जंतुक रोपावर हे सातही एकत्र टिकले. फ्युजॅरियम व्हर्टिसिलिऑइडीस ही मक्याची बुरशी त्यांच्यापुढे मागे पडली.

माझं म्हणणं एवढंच आहे की समूह बांधणं ही यातली सोपी अर्धी बाजू. त्यातून एकेक सदस्य काढून काय होतं ते पाहिल्याशिवाय आपण नेमकं काय बांधलंय हे कळत नाही. ज्यांनी हात घातलाय त्यांनी कृती आणि अडचणी लिहाव्यात.

रानजाई

अगदी प्राथमिक शंका. नत्र स्थिर करणारा एक, स्फुरद विरघळवणारा एक, बुरशी मारणारा एक, असे प्रत्येक कामातले सर्वांत चांगले जिवाणू उचलून एकत्र केले तर तो समूह का होत नाही? बाजारात अशीच मिश्रणं मिळतात ना?

पेट्रीबशी

@रानजाई, शंका अगदी रास्त आहे. पण चांगले सात गवई एकत्र बसवले म्हणजे मैफल जमतेच असं नाही.

मक्याच्या त्या प्रयोगात सातांपैकी एकेकाला वगळून सहा-सहाचे समूह लावले होते. बहुतेक वेळा उरलेले सहा कमी-जास्त प्रमाणात नांदले. फक्त एन्टेरोबॅक्टर काढला तेव्हा समूह ढासळला आणि कर्टोबॅक्टेरियमने मुळाचा ताबा घेतला. एन्टेरोबॅक्टरला वेगळा वाढवून कितीही चाचण्या घ्या, त्याचं हे महत्त्व त्यात दिसणार नाही. 'सर्वांत चांगले' निवडताना तो यादीत आलाही नसता.

दुसरं उदाहरण २०२० चं, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या जेफ डँगल यांच्या गटाचं. अरॅबिडॉप्सिसवर (मोहरीच्या कुळातली प्रयोगशाळेतली छोटी वनस्पती) १८५ स्ट्रेनचा (म्हणजे वेगवेगळ्या वाणांचा) समूह, आणि मुळांची वाढ व्यवस्थित. त्यातून व्हेरिओव्होरॅक्स हा एकच वंश (जीनस) वगळला आणि मुळं खुंटली. बाकीच्यांपैकी अनेक जण ऑक्झिन (वनस्पतीचं वाढसंप्रेरक) तयार करतात आणि त्याचा अतिरेक मुळाला मारक ठरतो. व्हेरिओव्होरॅक्स ते ऑक्झिन मोडून टाकतो. ऑक्झिन बनवणारा जिवाणू पाकिटावर 'वाढवर्धक' म्हणून विकला जातो, हे इथे ध्यानात ठेवावं.

अगारवाला

कृती लिहितो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बियाणं: दुकानातलं गुलाबी-लाल रंग चढवलेलं बियाणं घेऊ नका. त्यावर बुरशीनाशक असतं, कीटकनाशकही असू शकतं, आणि कितीही धुतलं तरी ते पूर्ण जात नाही. प्रक्रिया न केलेलं बियाणं मिळवा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ३ मिनिटं, मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराईटमध्ये ३ मिनिटं हलवत ठेवा, मग निर्जंतुक पाण्याने निदान ५ वेळा धुवा. शेवटच्या धुण्याचं १०० मायक्रोलिटर पाणी टीएसए (ट्रिप्टिक सोय अगार, जिवाणू वाढवायचं नेहमीचं मीडियम) प्लेटवर पसरा. ते स्वच्छ निघालं तर फक्त बियाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ आहे एवढंच कळतं. मक्याच्या दाण्याच्या आतही जिवाणू राहतात. म्हणून दाणे पातळ केलेल्या टीएसए अगारवरच २-३ दिवस २८ अंशांवर अंधारात उगवा आणि ज्याच्याभोवती दुधाळ कडं दिसेल तो दाणा टाकून द्या. हव्या त्या संख्येच्या तिप्पट दाणे लावा, पुरत नाहीत अशी तक्रार मग उरत नाही.

मीडियम: अर्ध्या ताकदीचं एमएस (मुराशिगे-स्कूग, रोपांसाठीचं क्षारांचं मिश्रण), ०.८ टक्के अगार, साखर न घालता. एमएसची भुकटी साखर असलेली आणि नसलेली, दोन्ही मिळते. डब्यावरचं नीट वाचा. साखर पडली की जिवाणू मुळाकडे ढुंकूनही न बघता अगारवरच माजतात, आणि आपण मोजतो तो अगारवरचा समूह.

विरजण (म्हणजे इनॉक्युलम): सातही स्ट्रेन वेगवेगळ्या नळीत रात्रभर वाढवा. ४,००० जी वर १० मिनिटं फिरवा, वरचं द्रव ओतून टाका, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये पेशी पुन्हा नीट मिसळा. हे धुणं दोनदा. जुनं मीडियम राहिलं तर त्यातलं अन्न आणि जिवाणूंनी सोडलेली प्रतिजैविकं दोन्ही मिश्रणात जातात.

मग मिसळणं. समजा १०० मिली मिश्रणात प्रत्येकी मिलीला १ कोटी पेशी हव्यात, म्हणजे प्रत्येक स्ट्रेनच्या १०० कोटी. ज्याच्या धुतलेल्या नळीत मिलीला २०० कोटी आहेत त्याचे ०.५ मिली, ज्याच्यात ४० कोटी आहेत त्याचे २.५ मिली. बाकी १०० पर्यंत मॅग्नेशियम क्लोराइड. २-३ सेंमी मूळ आलेली रोपं यात तासभर बुडवा, मग नळीत लावा.

रानजाई

पेशी मोजायला ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) पुरेल ना? सगळ्यांना ०.५ ला आणून समान आकारमानात मिसळलं की काम झालं?

अगारवाला

नाही, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. ओडी म्हणजे गढूळपणा. मोठी पेशी, साखळीने किंवा गुठळीने वाढणारी पेशी, लाळेसारखं पॉलिसॅकराइड सोडणारी पेशी, प्रत्येकीचा गढूळपणा वेगळा. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे मिलीला साधारण ८० कोटी हा हिशेब दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नका, त्यात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. प्रत्येक स्ट्रेनचा ओडी-विरुद्ध-प्लेट-काउंट आलेख एकदा काढून ठेवा. आणि मिसळल्यानंतर मिश्रणच प्लेटवर टाकून खात्री करा. कागदावर समान मिसळलेलं प्लेटवर अनेकदा समान निघत नाही.

अनुक्रमणी

मोजणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण निष्कर्ष तिथेच ठरतो.

मक्याच्या प्रयोगात प्रत्येक स्ट्रेनसाठी निवडक मीडियम वापरून कॉलनी मोजल्या होत्या. सात-आठ सदस्यांपर्यंत ही पद्धत उत्तम. अट एकच: प्रत्येक निवडक प्लेटवर सातही स्ट्रेन वेगवेगळे लावून बघायचे, म्हणजे ४९ चाचण्या. एका प्लेटवर नको असलेला दुसरा हळूच वाढत असेल तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

हिशेबाचं उदाहरण: ०.१ ग्रॅम मूळ १ मिली बफरमध्ये खलबत्त्यात वाटलं, १०,००० पट पातळ केलं, १०० मायक्रोलिटर पसरलं, ४५ कॉलनी आल्या. मिलीला ४५ लाख, म्हणजे ग्रॅममागे साडेचार कोटी. एकही कॉलनी नाही आली तर 'शून्य' लिहू नका. पातळ न केलेल्या वाटणातून १०० मायक्रोलिटर पसरलं असेल तर ग्रॅममागे १०० च्या खाली आहे एवढंच म्हणता येतं.

सदस्य वाढले की १६एस जनुकाचं (जिवाणू ओळखायला वापरतात ते जनुक) सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचा क्रम वाचणं, करावंच लागतं. तिथे चार खड्डे आहेत.

हरितलवक आणि मायटोकॉन्ड्रिया यांचं १६एस जिवाणूंसारखंच असतं. नेहमीचे प्रायमर (कोणता डीएनए तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे तुकडे) वापरले तर निम्म्याहून अधिक वाचन वनस्पतीचंच येऊ शकतं. ७९९एफ-११९३आर ही जोडी हरितलवकाला टाळते. मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा मोठा येतो, तो जेलमध्ये वर दिसतो आणि खालचा पट्टा कापून घेता येतो.

१६एसच्या प्रती प्रत्येक जिवाणूत सारख्या नसतात. एकात ८ आणि दुसऱ्यात २ प्रती असतील तर पेशी समसमान असूनही वाचनात ८०:२० दिसतं. सिंकॉममध्ये प्रत्येकाचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) हाताशी असतो, त्यामुळे भागाकार करून हे सुधारता येतं. ते न करणं म्हणजे आळस.

तिसरं, टक्केवारी म्हणजे संख्या नव्हे. एक सदस्य दसपट वाढला की बाकीच्यांची टक्केवारी घसरते, जरी त्यांची एकही पेशी मेली नसली तरी. डीएनए काढण्याआधी नमुन्यात नसलेल्या एखाद्या जिवाणूच्या ठरावीक पेशी मिसळा आणि त्यावरून बाकीचे मोजा.

चौथं, एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन घेतले असतील तर त्या छोट्या तुकड्यात ते एकसारखेच दिसतात. समूह ठरवतानाच १६एसचे तुकडे शेजारी लावून तपासा, नंतर रडण्यात अर्थ नाही.

पेट्रीबशी

@अनुक्रमणी, फार मोलाचं लिहिलंत.

वगळण्याच्या प्रयोगाची मांडणी जोडतो. सातांचे सगळे शक्य गट १२७ होतात, तेवढे लावायची गरज नसते. पूर्ण समूह, सात वेळा एकेक वगळलेला, जिवाणू नसलेलं रोप आणि उष्णतेने मारलेला समूह, अशा १० मांडण्या, प्रत्येकी ६ नळ्या, एकूण ६०. मारलेला समूह अनेक जण गाळतात. पण मेलेल्या पेशीही रोपाला अन्न असतात आणि रोपाची प्रतिकारशक्ती जागी करतात. तो न लावता आलेली 'वाढ' कोणाच्या खात्यावर टाकणार?

वगळलेल्याची जागा रिकामी ठेवायची की बाकीच्यांचं प्रमाण वाढवून एकूण संख्या कायम ठेवायची, हेही आधी ठरवा आणि लिहून ठेवा. मी रिकामी ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण त्यात एका वेळी एकच गोष्ट बदलते.

आणि येण्याचा क्रम. झुरिकमधल्या ज्युलिया फोरहोल्ट यांच्या गटाने २०१९ मध्ये अरॅबिडॉप्सिसच्या पानांवर ६२ स्ट्रेनचा समूह लावून काहींना आधी वगळलं आणि उशिरा सोडलं. उशिरा आलेल्याला कित्येकदा जागाच मिळाली नाही. शेतात तर आपला जिवाणू नेहमीच उशिरा येतो, माती आधीच भरलेली असते.

काळी_जमीन

जीवामृताबद्दल विचारायचंय. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, दिवसातून दोनदा ढवळून ४८ तास. हाही जिवाणूंचा समूहच आहे. मग सिंकॉमची एवढी यातायात कशासाठी?

अगारवाला

@काळी_जमीन, समूह आहेच, आणि त्यात सिंकॉमपेक्षा कितीतरी जास्त प्रकार आहेत. फरक असा की गूळ आणि बेसन घातल्यावर पटापट वाढणारे पुढे जातात. कोण पुढे जाणार हे त्या दिवसाच्या तापमानावर, शेणाच्या ताजेपणावर आणि ढवळून किती हवा मिसळली यावर ठरतं. त्यामुळे या पिंपातलं आणि पुढच्या पिंपातलं मिश्रण सारखं नसतं. एका शेतात उपयोग झाला तर तो कोणामुळे झाला हे शोधता येत नाही, कारण एकेकाला वगळायची सोयच नाही. सिंकॉमची यातायात त्या एका सोयीसाठी आहे.

दोन्हींची सांगड घालता येते. चांगल्या निघालेल्या जीवामृतातून किंवा जोमदार रोपाच्या मुळातून जिवाणू वेगळे करायचे, जीनोम बघायचा आणि त्यातून समूह बांधायचा. जी जमीन तीच बियाण्याला पुरवठादार, यात मला तरी वावगं काही दिसत नाही.

काळी_जमीन

पटलं. शेतावरचं एक मी सांगतो. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचा क्रम चुकला की समूह असो वा एकटा रायझोबियम (मुळांच्या गाठींत नत्र स्थिर करणारा जिवाणू), सगळा खर्च मातीत. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि शेवटी जिवाणू. साधारण २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. पाणी गरम असताना पाकीट टाकलं तर तिथेच संपलं. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं, रात्रभर ठेवायचं नाही.

पाकिटाचंही बघा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रायझोबियमच्या वाहकाधारित (भुकटीत मिसळलेल्या) खतात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलीला किमान १० कोटी जिवंत पेशी हव्यात. हा आकडा उन्हात तापलेल्या दुकानात टिकत नाही. तारीख बघा, आणि पाकीट कुठल्या फळीवर ठेवलंय तेही बघा.

पेट्रीबशी

एक सावधगिरी. मक्याच्या त्या सातांची नावं वाचून कोणी ते शेतात टाकायला निघू नये. एन्टेरोबॅक्टर क्लोएसी आणि स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया हे दोघेही रुग्णालयात, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांत संसर्ग करू शकतात, आणि दुसऱ्यावर बरीच प्रतिजैविकं चालत नाहीत. तो अभ्यासाचा नमुना आहे, उत्पादन नाही. शेतासाठी समूह ठरवताना प्रत्येक सदस्याच्या जीनोममध्ये रोगकारक आणि प्रतिजैविक-प्रतिरोधक जनुकं आधी शोधायची. स्ट्रेन हवे असतील तर पुण्यातलं राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम, पुण्यातलंच एनसीएमआर, चंडीगडचं एमटीसीसी आणि मऊचं एनएआयएमसीसी ही ठिकाणं आहेत. ओळख आणि इतिहास असलेला स्ट्रेन घेतलेला केव्हाही बरा.

सातेरी

प्राण्यांची बाजू मांडते. मधमाशीचं आतडं हा या कामासाठी निसर्गाने दिलेला नमुना आहे. मुख्य सदस्य मोजकेच: स्नॉडग्रासेला अल्वी, गिलियामेला, लॅक्टोबॅसिलसचे दोन गट, बिफिडोबॅक्टेरियम. स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो आणि साखर वापरत नाही, सेंद्रिय आम्लांवर जगतो. गिलियामेला त्याच्यावर थर करतो आणि साखर आंबवतो. एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण.

कोशातून बाहेर पडलेल्या माशीच्या आतड्यात हे जिवाणू जवळजवळ नसतात, कारण कात टाकताना आतड्याचं अस्तरही जातं. म्हणून डोळे काळपट झालेले कोश पोळ्यातून अलगद काढून निर्जंतुक डब्यात ३५ अंशांवर ठेवायचे. चिमट्याने कोश जरा जरी दाबला तरी माशी पंख नीट न उघडता निघते. बाहेर आल्यावर निर्जंतुक साखरपाणी आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले परागकण द्यायचे, आणि पहिल्या एक-दोन दिवसांतच समूह पाजायचा. स्नॉडग्रासेला रक्त-अगारवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, ३५ अंशांवर २-३ दिवसांत येतो. नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून 'उगवला नाही' म्हणू नये.

२०२० मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या नॅन्सी मोरन यांच्या गटाने याच स्नॉडग्रासेलात बदल करून त्याला दुपदरी आरएनए तयार करायला लावलं. एक आरएनए पंख विकृत करणाऱ्या विषाणूविरुद्ध, दुसरा व्हरोआ कोळ्याविरुद्ध. विषाणू टोचलेल्या माश्या जास्त जगल्या आणि त्यांच्यावर पोसलेले कोळी जास्त मेले.

आपल्यासाठी अडचण अशी की हे काम युरोपीय मेलिफेरा माशीवर झालंय. स्नॉडग्रासेलाचे स्ट्रेन यजमानाशी बांधलेले असतात. भुंगेमाशीतला स्ट्रेन मेलिफेरात बसत नाही, हे २०१४ मध्येच दाखवलं गेलं. म्हणून आपल्या देशी सातेरी माशीसाठी सातेरीच्याच आतड्यातून सुरुवात करावी लागेल.

रानजाई

कोंबड्यांत याचा उपयोग होतो म्हणतात, ते कसं?

सातेरी

ही कल्पना सगळ्यात जुनी. फिनलंडमध्ये १९७१ साली साल्मोनेला इन्फँटिसची मोठी साथ आली. त्यानंतर नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्ये दाखवलं की एक दिवसाच्या पिल्लाला मोठ्या कोंबड्याच्या आतड्यातलं द्रव्य दिलं तर साल्मोनेला सहज बसत नाही. हॅचरीतलं पिल्लू आईजवळ नसतं, त्याचं आतडं रिकामं असतं, आणि पहिला येईल तो घर करतो. वर लिहिलेला येण्याचा क्रम तोच.

पुढे ओळखीच्या मोजक्या जिवाणूंनी हेच साधायचा प्रयत्न झाला, पण संपूर्ण द्रव्याइतका परिणाम मिळवणं अवघड गेलं. मोठं कारण प्राणवायू. यातले बरेच सदस्य हवेत मरतात. मीडियममध्ये लिटरला ०.५ ग्रॅम सिस्टीन (प्राणवायू शोषून घ्यायला) आणि १ मिलिग्रॅम रेझाझुरिन (प्राणवायू दाखवणारा रंग) घाला. रंग गुलाबी असेल तोवर प्राणवायू शिल्लक आहे, रंगहीन झाल्यावरच जिवाणू टाका. नळी उघडल्याबरोबर वरचा थर पुन्हा गुलाबी होऊ लागतो, तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. फार्मवर देताना पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नको आणि खाद्यात प्रतिजैविक नको. दोन्ही चालू ठेवून जिवाणू पाजणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अनुक्रमणी

'किती सदस्य पुरे' याला एक चांगली युक्ती स्टॅनफर्डमधल्या मायकेल फिशबाख यांच्या गटाने २०२२ मध्ये वापरली. मानवी आतड्यातले १०४ स्ट्रेन निर्जंतुक उंदरांत बसवले, मग त्यांच्यावर माणसाच्या विष्ठेचा नमुना सोडला. जे बाहेरचे घुसले त्यांच्यासाठी समूहात जागा मोकळी होती असा अर्थ. त्यावरून भर घालून ११९ स्ट्रेनचा समूह केला, तो जास्त घट्ट बसला. मुळावरही हे करता येईल: समूह बसल्यावर चिमूटभर जिवंत माती सोडा आणि कोण घुसतं ते बघा.

काळी_जमीन

जनुक बदललेला जिवाणू शेतात चालतो का?

पेट्रीबशी

परदेशात काही चालतात. जुनं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं: फळझाडांच्या मुळावर गाठ आणणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियमविरुद्ध के८४ हा त्याचाच निरुपद्रवी भाऊ वापरत. पण प्रतिजैविक बनवणारा त्याचा प्लाझ्मिड (एका पेशीतून दुसरीत जाऊ शकणारं डीएनएचं कडं) रोगकारकाकडे जाऊन त्यालाच प्रतिकार देण्याचा धोका होता. म्हणून प्लाझ्मिडच्या देवाणघेवाणीचा भाग कापून के१०२६ तयार केला. फक्त कापलंय, नवीन काही घातलेलं नाही. मला ही रचना आजही आदर्श वाटते. मक्यावरच्या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंतही अशीच वाट धरली आहे. जमिनीत नत्र असलं की निफ-एल हे जनुक यंत्रणा बंद करतं, म्हणून तेच काढून टाकायचं.

बदललेला जिवाणू टिकवायचा तर त्याला स्वतःचं ताट द्यावं लागतं. २०१८ मध्ये बॅक्टेरॉइडीस जिवाणूला पोर्फायरन पचवायची जनुकं दिली, हे समुद्री शेवाळातलं कर्बोदक. उंदराच्या खाद्यात पोर्फायरन असेपर्यंत तो बसला, प्रमाणही त्यावरून कमी-जास्त करता आलं. 'स्वतःला मारणारं' बटण बसवण्यापेक्षा हे मला भरवशाचं वाटतं, कारण ते बटण मोडलेली पेशीच जगते आणि वाढते.

भारतात १९८९ चे नियम लागू आहेत. आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग आरसीजीएम (जनुकीय बदलांच्या प्रयोगांवरची केंद्रीय समिती), आणि पर्यावरणात सोडायचं तर जीईएसी (पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी समिती). परवानगीशिवाय कुंडीतसुद्धा बाहेर ठेवायचं नाही.

रानजाई

शेवटची शंका. एकदा जमलेला सातांचा समूह एकत्रच फ्रीजरमध्ये ठेवला तर दर वेळी मिसळायचं काम वाचेल ना?

अगारवाला

नको. गोठवताना आणि वितळताना प्रत्येकाची मर वेगळी असते, त्यामुळे बाहेर येणारं प्रमाण वेगळंच असतं. वर परत वाढवलं तर २४ तासांत पळणारा एकटाच पुढे जातो. प्रत्येक स्ट्रेनचं ५०० मायक्रोलिटर ताजं कल्चर आणि ५०० मायक्रोलिटर ५० टक्के ग्लिसरॉल, उणे ८० वर, निदान दोन फ्रीजरमध्ये. वापरताना नळी वितळवायची नाही, वरून खरवडून प्लेटवर रेघ ओढायची, एकच कॉलनी घ्यायची, आणि मिसळण्याआधी तिचं १६एस एकदा तपासायचं.